स्पर्धेचा बाजार आणि शेवटचे गाव : भारतातील मोबाईल नियमनाची तीन दशके

३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्यातून दिल्लीला भारतातील पहिला मोबाईल दूरध्वनी झाला. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्यातील त्या संभाषणाला आता तीन दशके लोटली. या काळात भारत जगातील सर्वांत स्वस्त डेटा मिळणाऱ्या देशांपैकी एक झाला. मात्र दूरध्वनी-घनतेचे चित्र आजही दुभंगलेलेच आहे. शहरी भागात दर शंभर लोकसंख्येमागे १३० च्या आसपास जोडण्या आहेत, तर ग्रामीण भागात ही संख्या ६० पर्यंतही पोहोचलेली नाही. दर खाली आणण्याचे काम स्पर्धेने केले, पण शेवटच्या गावापर्यंत सिग्नल नेण्याचे काम तिच्याने पुरते झाले नाही. परदेशात राहून गावाकडच्या आईवडिलांशी रोज व्हिडिओवर बोलू पाहणाऱ्या मराठी कुटुंबांना या दरीची प्रचिती वारंवार येते. गावात राहणाऱ्याचे नुकसान याहून मोठे असते. बँकेचा ओटीपी, स्वस्त धान्य दुकानातील अंगठ्याची पडताळणी, रोजगार हमीच्या कामावरील हजेरी अशा अनेक गोष्टी सिग्नलवर अवलंबून राहू लागल्या आहेत. जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सर्व कामांवरील मजुरांची हजेरी छायाचित्रासह मोबाईल ॲपवर नोंदवणे बंधनकारक झाले, तेव्हा जिथे नेटवर्क नाही तिथे प्रश्न थेट मजुरीचा होऊन बसला.

सर्कल नावाची चौकट

भारतातील मोबाईल परवाने राज्यनिहाय नव्हे, तर ‘सर्कल’निहाय दिले जातात. देशात अशी २२ सेवाक्षेत्रे असून उत्पन्नाच्या अपेक्षेनुसार त्यांची महानगर, ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ अशी वर्गवारी केलेली आहे. मुंबई हे स्वतंत्र महानगर सर्कल असून नवी मुंबई आणि कल्याण त्यातच मोडतात. उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा मिळून ‘अ’ वर्गाचे महाराष्ट्र सर्कल होते. म्हणजे पुण्याची आयटी संकुले, पणजीची हॉटेले आणि गडचिरोलीतील भामरागड यांचा हिशेब एकाच परवान्यात केला जातो.

या चौकटीचा परिणाम दूरगामी होता. सुरुवातीच्या परवान्यांतील विस्ताराची अट जिल्हा मुख्यालयांवर बेतलेली होती. पहिल्या वर्षात १० टक्के आणि तीन वर्षांत ५० टक्के जिल्हा मुख्यालये जोडली की कंपनीची जबाबदारी पूर्ण होई. त्यातही मुख्यालयाऐवजी त्याच जिल्ह्यातील दुसरे एखादे शहर निवडण्याची मुभा होती. ‘जोडले’ याचा अर्थ नगरपालिका हद्दीत सिग्नल मिळणे एवढाच होता. नंतरच्या लिलावांत ब्लॉक मुख्यालयांचा टप्प्याटप्प्याने समावेश झाला खरा, पण अटीचे एकक ‘मुख्यालय’ हेच राहिले. गाव, वाडी, पाडा किंवा दोन गावांमधला घाटरस्ता हे एकक कधीच झाले नाही. त्यामुळे नियमाचे शंभर टक्के पालन करूनही सह्याद्रीच्या कुशीतील किंवा सातपुड्यातील वस्त्या नकाशाबाहेर राहू शकत होत्या.

शहरी महसूल आणि ग्रामीण निधी

मोबाईल टॉवरचा खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात कमी होत नाही. डोंगराळ भागात तो उलट वाढतो. वीज अनियमित असल्याने बॅटऱ्या आणि डिझेल जनित्र ठेवावे लागते, टॉवरपर्यंत ऑप्टिकल फायबर नसल्यास मायक्रोवेव्ह जोडणीची साखळी उभारावी लागते आणि दुरुस्तीसाठी तंत्रज्ञाला दिवसभराचा प्रवास करावा लागतो. एवढे करून ग्राहक मात्र काही शेकडाच असतात. अशा ठिकाणी कोणतीही खासगी कंपनी आपणहून जात नाही आणि स्पर्धकांची संख्या वाढवूनही हे गणित बदलत नाही.

यावरचा उपाय म्हणून १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने सार्वत्रिक सेवेची कल्पना मांडली. १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी अमलात आला आणि पुढे तार कायद्यातील दुरुस्तीने त्याला वैधानिक दर्जा मिळाला. कंपन्यांनी आपल्या समायोजित सकल महसुलाच्या ५ टक्के रक्कम यासाठी द्यावी असे ठरले. शहरी ग्राहकाच्या बिलातून ग्रामीण टॉवर उभा राहावा, असा त्यामागील विचार होता.

व्यवहारात मात्र ही रक्कम थेट निधीत न पडता प्रथम देशाच्या संचित निधीत जमा होते आणि संसदेच्या मंजुरीने अर्थसंकल्पातून वितरित होते. परिणामी वसुली नियमित आणि खर्च संथ, अशी स्थिती वर्षानुवर्षे राहिली. ग्रामपंचायतींना फायबरने जोडणाऱ्या राष्ट्रीय प्रकल्पाला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. पुढे तो ‘भारतनेट’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच्या मुदती अनेकदा पुढे ढकलल्या गेल्या आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमाने त्याची नव्याने मांडणी करावी लागली. दूरसंचार अधिनियम २०२३ ने या निधीचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ असे केले आणि त्याचे नियम ऑगस्ट २०२४ मध्ये अधिसूचित झाले.

सहा वर्षे पडून राहिलेल्या लहरी

ग्रामीण भागासाठी सर्वच रेडिओ लहरी सारख्या उपयोगाच्या नसतात. कमी वारंवारितेच्या लहरी दूरवर जातात आणि झाडे-भिंती भेदतात. जास्त वारंवारितेच्या लहरी अधिक डेटा वाहतात, पण लवकर क्षीण होतात. म्हणून ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा विरळ वस्तीसाठी विशेष मोलाचा मानला जातो, कारण तेवढेच क्षेत्र व्यापायला त्यात कमी टॉवर पुरतात.

ऑक्टोबर २०१६ च्या लिलावात हा पट्टा प्रथमच विक्रीला आला, तेव्हा त्याची देशव्यापी राखीव किंमत प्रति मेगाहर्ट्झ ११,४८५ कोटी रुपये होती. एकाही कंपनीने बोली लावली नाही. मार्च २०२१ च्या लिलावात किंमत बरीच उतरवूनही खरेदीदार मिळाला नाही. अखेर २०२२ च्या लिलावात राखीव किंमत ३,९२७ कोटींवर आणल्यानंतर रिलायन्स जिओने सर्व २२ सर्कलमध्ये तो विकत घेतला. त्या लिलावातून सरकारला एकूण १,५०,१७३ कोटी रुपयांच्या बोली मिळाल्या. दरम्यानच्या सहा वर्षांत देशात फोर-जी पसरत होते आणि खेड्यांना सर्वाधिक उपयोगी पडू शकणारा हा पट्टा मात्र वापराविना राहिला. लिलावातून जास्तीत जास्त महसूल मिळवणे आणि सेवा सर्वदूर पोहोचवणे ही दोन उद्दिष्टे परस्परांना छेद देऊ शकतात, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

दरयुद्ध आणि नियामकाची कसोटी

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओने सेवा सुरू केली आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत ती जवळजवळ मोफत ठेवली. सहा महिन्यांच्या आत तिचे दहा कोटी ग्राहक झाले. सरकारी आकडेवारीनुसार २०१४ मध्ये एका जीबी डेटासाठी सुमारे २६९ रुपये पडत. पुढे हा दर दहा रुपयांच्या आसपास आला. ग्रामीण ग्राहकालाही याचा लाभ झाला, अर्थात जिथे सिग्नल होता तिथेच.

हे दर ‘भक्षक’ आहेत, म्हणजे स्पर्धकांना संपवण्यासाठी मुद्दाम खर्चाखाली ठेवलेले आहेत, अशी तक्रार एअरटेलने भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली. बाजारात नव्याने आलेली कंपनी वर्चस्व असलेली मानता येत नाही, या भूमिकेतून आयोगाने जून २०१७ मध्ये ती फेटाळली. फेब्रुवारी २०१८ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, भक्षक दरांची स्वतःची व्याख्या करणारा आदेश काढला. त्यातील वादग्रस्त तरतुदी डिसेंबर २०१८ मध्ये दूरसंचार लवादाने रद्द केल्या. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका स्वतंत्र प्रकरणात अधिकारक्षेत्राचा प्रश्न निकाली काढला. दूरसंचारातील तांत्रिक आणि नियामक बाबींवर आधी ट्रायने निर्णय द्यावा, त्यानंतरच स्पर्धा आयोगाने चौकशी करावी, असा तो निर्णय होता.

ग्रामीण जाळ्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा, पण कमी चर्चिला गेलेला वाद आंतरजोडणी शुल्काचा होता. एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन करतो, तेव्हा पहिली कंपनी दुसरीला प्रति मिनिट काही पैसे देते. खेड्यातील ग्राहक फोन करण्यापेक्षा घेण्याचे काम अधिक करत असल्यामुळे तेथील टॉवरना या शुल्काचा आधार होता, असा जुन्या कंपन्यांचा दावा होता. नव्या तंत्रात कॉल वाहून नेण्याचा खर्च नगण्य असून हे शुल्क म्हणजे जुन्या तंत्राला दिलेले अनुदान आहे, असे जिओचे म्हणणे होते. ट्रायने १ ऑक्टोबर २०१७ पासून ते १४ पैशांवरून ६ पैशांवर आणले आणि १ जानेवारी २०२१ पासून पूर्णपणे रद्द केले. निर्णय तंत्रज्ञानाच्या दिशेशी सुसंगत होता. पण ग्रामीण टॉवरचा एक छुपा आधार काढून घेताना त्याच्या जागी दुसरा उघड आधार त्याच वेळी उभा केला गेला नाही.

बारा कंपन्यांकडून चारांकडे

स्वस्ताईची किंमत बाजाराच्या रचनेने चुकवली. २ फेब्रुवारी २०१२ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, तेव्हाच काही कंपन्या बाहेर पडल्या होत्या. दरयुद्धानंतर एअरसेल आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स दिवाळखोरीत गेल्या, टेलिनॉर आणि टाटांची मोबाईल सेवा एअरटेलमध्ये विलीन झाली, तर ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एकत्र आल्या. एके काळी दहा-बारा कंपन्या असलेल्या बाजारात तीन खासगी कंपन्या आणि सरकारी बीएसएनएल (दिल्ली-मुंबईत एमटीएनएल) एवढेच उरले.

त्यावर २४ ऑक्टोबर २०१९ चा समायोजित सकल महसुलाचा, म्हणजे ‘एजीआर’चा निकाल आला. परवाना शुल्क मोजताना दूरसंचारेतर उत्पन्नही धरावे, ही सरकारची भूमिका न्यायालयाने मान्य केली आणि कंपन्यांवर सुमारे १.४७ लाख कोटी रुपयांचा बोजा आला. सर्वाधिक फटका व्होडाफोन आयडियाला बसला. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने चार वर्षांची सवलत दिली आणि व्याख्याही पुढील काळासाठी बदलली. नंतर थकबाकीचे समभागांत रूपांतर होत गेले. २०२३ मध्ये १६,१३३ कोटी आणि २०२५ मध्ये ३६,९५० कोटी रुपयांच्या रूपांतरानंतर या कंपनीतील सरकारचा वाटा ४९ टक्क्यांच्या आसपास पोहोचला.

त्यामुळे एक विलक्षण स्थिती निर्माण झाली आहे. परवाना देणारे सरकार, शुल्क वसूल करणारे सरकार, बीएसएनएलचे मालक सरकार आणि एका खासगी कंपनीतील सर्वांत मोठे भागधारकही सरकारच. व्यवहारात मात्र बाजाराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जिओ आणि एअरटेल या दोघांकडे आहे. डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि जुलै २०२४ अशा तीन वेळा खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले. २०२४ ची वाढ साधारण १० ते २५ टक्क्यांची होती. दरांच्या बाबतीत ट्रायचे धोरण हस्तक्षेप न करण्याचे आहे. कंपन्या आधी दर लागू करतात आणि नंतर कळवतात. डझनभर स्पर्धक असताना हे धोरण निर्धोक होते. दोन प्रमुख कंपन्या उरल्यावर त्याचा अर्थ बदलतो.

डिसेंबर २०२४ मधील एका दुरुस्तीत मात्र ट्रायने हस्तक्षेप केला. केवळ कॉल आणि एसएमएससाठी, डेटाविना, वेगळे रिचार्ज उपलब्ध करून देणे कंपन्यांना बंधनकारक करण्यात आले. साधा बटणांचा फोन वापरणारे सुमारे १५ कोटी ग्राहक न वापरलेल्या डेटाचे पैसे भरत होते. गावी राहणारे ज्येष्ठ नागरिक त्यात मोठ्या संख्येने येतात. विशेष रिचार्जच्या मुदतीची कमाल मर्यादाही ९० दिवसांवरून ३६५ दिवस करण्यात आली. बँकेच्या ओटीपीसाठी भारतातील क्रमांक चालू ठेवणाऱ्या अनिवासी भारतीयांनाही ही तरतूद उपयोगाची आहे.

जिथे बाजार थांबतो तिथे

उरलेल्या गावांची जबाबदारी अखेर सार्वजनिक पैशावरच आली. नक्षलप्रभावित भागांत पहिल्या टप्प्यात उभारलेले २,३४३ टॉवर टू-जीवरून फोर-जीवर नेण्यास एप्रिल २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांच्या ४४ आकांक्षित जिल्ह्यांतील ७,२८७ सिग्नलविहीन गावांसाठी ६,४६६ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव हे आकांक्षित जिल्हे आहेत. जुलै २०२२ मध्ये देशातील २४,६८० वंचित गावांत फोर-जी पोहोचवण्यासाठी २६,३१६ कोटींचा प्रकल्प मंजूर झाला आणि त्याचे काम बीएसएनएलकडे सोपवले गेले.

बीएसएनएलची अडचण अशी की खासगी कंपन्या फाइव्ह-जीकडे वळल्या, तेव्हा तिच्याकडे देशव्यापी फोर-जीही नव्हते. टीसीएस, तेजस नेटवर्क्स आणि सी-डॉट यांनी विकसित केलेल्या देशी तंत्रावरच तिने अवलंबून राहावे असे ठरल्याने विलंब वाढला. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून या देशी फोर-जीचे औपचारिक उद्घाटन झाले.

दुसरा बदल आकाराने लहान, पण परिणामाने मोठा आहे. सरकारी निधीतून उभा राहिलेला टॉवर आतापर्यंत तो चालवणाऱ्या एकाच कंपनीच्या ग्राहकांना उपयोगी पडे. जानेवारी २०२५ मध्ये अशा सुमारे २७,८३६ ठिकाणी सर्कल-अंतर्गत रोमिंग सुरू करण्याची घोषणा झाली. त्यामुळे बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ यांचे ग्राहक एकाच टॉवरवरून फोर-जी वापरू शकतात. ३५,४०० हून अधिक गावांना याचा लाभ मिळेल असे सांगण्यात आले. जिथे एकच टॉवर परवडतो तिथे तीन उभारण्याचा आग्रह न धरता टॉवर सामायिक ठेवायचा आणि स्पर्धा सेवेत व दरांत होऊ द्यायची, हे तत्त्व यातून प्रथमच मोठ्या प्रमाणावर स्वीकारले गेले.

‘पोहोचले’ म्हणजे काय?

एखाद्या गावात फोर-जी पोहोचले, असे सरकारी तक्त्यात नोंदले जाते तेव्हा गावाच्या हद्दीत कोठेतरी सिग्नल मिळतो, एवढेच त्यातून निश्चित होते. पाड्यावर, घराच्या आत, पावसाळ्यात वीज गेल्यावर किंवा संध्याकाळी सारे गाव एकाच टॉवरवर असताना काय होते, हे त्या नोंदीत येत नाही.

या उणिवेवर ट्रायने ऑगस्ट २०२४ मध्ये सेवा-गुणवत्तेचे नवे विनियम आणले. कोणत्या तंत्राचा सिग्नल कोठे आहे याचे नकाशे कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळांवर प्रसिद्ध करणे त्यात बंधनकारक आहे. जिल्हा पातळीवर २४ तासांहून अधिक काळ सेवा खंडित राहिल्यास पोस्टपेड ग्राहकाच्या भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाच्या मुदतीत वाढ द्यावी लागते. मात्र येथेही एकक जिल्हा हेच आहे. गडचिरोली शहर चालू आणि एटापल्लीतील चार टॉवर आठवडाभर बंद, अशा स्थितीत भरपाईचा प्रश्न उपस्थित होईलच असे नाही. तीस वर्षांपूर्वी मुख्यालयाला एकक मानणारी दृष्टी या विनियमातही पुरती बदललेली नाही.

इतर देशांची वाट

ग्रामीण जाळ्याचा प्रश्न केवळ भारताचा नाही. ब्रिटनमध्ये चार कंपन्या आणि सरकार यांनी मार्च २०२० मध्ये सुमारे १ अब्ज पौंडांचा सामायिक ग्रामीण नेटवर्क करार केला. २०२५ च्या अखेरीपर्यंत ब्रिटनच्या ९५ टक्के भूभागावर किमान एका कंपनीचे फोर-जी असावे, असे त्याचे उद्दिष्ट होते. येथे मोजमाप लोकसंख्येचे नव्हे, तर भूभागाचे आहे. व्होडाफोन आणि थ्री यांच्या विलीनीकरणाला डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी देताना तेथील स्पर्धा प्राधिकरणाने ११ अब्ज पौंडांच्या नेटवर्क योजनेला कायदेशीर बंधनाचे रूप दिले आणि काही दरांवर तीन वर्षे मर्यादा घातली. अमेरिकेत टी-मोबाईल आणि स्प्रिंट २०२० मध्ये एकत्र आल्या, तेव्हा सहा वर्षांत ९० टक्के ग्रामीण लोकसंख्येपर्यंत फाइव्ह-जी नेण्याचे वचन नियामकाने घेतले होते.

दोन्ही ठिकाणी स्पर्धक कमी होऊ देण्याच्या बदल्यात नियामकाने विस्ताराचे ठोस, मोजता येण्याजोगे आश्वासन पदरात पाडून घेतले. भारतात बारांचे चार झाले ते प्रामुख्याने दिवाळखोरी आणि संकटातील विलीनीकरणांतून. त्या वाटाघाटीत ग्रामीण विस्ताराची अट मध्यवर्ती कधीच नव्हती.

पुढील वाट

उपग्रह इंटरनेट हा पुढचा पर्याय म्हणून मांडला जात आहे. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये भारतातील परवाना मिळाला. त्याआधी यूटेलसॅट वनवेब आणि जिओचा संयुक्त उपक्रम यांना तो मिळालेला होता. उपग्रह कंपन्यांकडून महसुलाच्या ४ टक्के स्पेक्ट्रम शुल्क घ्यावे आणि शहरी ग्राहकांमागे वर्षाला ५०० रुपये जादा आकारावेत, अशी शिफारस ट्रायने मे २०२५ मध्ये केली. कंपन्यांनी ग्रामीण भागाकडे वळावे, हा तिचा हेतू होता. मात्र उपग्रहाचे यंत्र आणि मासिक शुल्क आदिवासी पाड्यावरील कुटुंबाच्या आवाक्यात येणे अवघड आहे. शाळा, आरोग्य उपकेंद्र किंवा दुर्गम टॉवरची जोडणी यांसाठी ते अधिक उपयुक्त ठरू शकते.

मूळ प्रश्न तंत्राचा कमी आणि हिशेबाच्या एककाचा अधिक आहे. परवान्यात मुख्यालय मोजले गेले, म्हणून मुख्यालय जोडले गेले. लिलावात महसूल मोजला गेला, म्हणून महसूल मिळाला. दरांत स्पर्धा मोजली गेली, म्हणून दर उतरले. सरकारी निधीतील टॉवर सर्व कंपन्यांना खुले करणे आणि सिग्नलचे नकाशे जाहीर करणे ही त्या हिशेबात गाव आणण्याची सुरुवात आहे. पुढील लिलावांच्या अटी, दोन प्रमुख कंपन्यांच्या बाजारातील दरांवरील देखरेख आणि सेवा खंडित झाल्यास मिळणारी भरपाई यांचे एकक जेव्हा जिल्ह्यावरून पाड्यापर्यंत उतरेल, तेव्हाच स्वस्त डेटाचा लाभ त्याची सर्वाधिक गरज असलेल्यांपर्यंत पोहोचेल.